बालकांचे अपहरण व मानवी व्यापार : पालकांनी घ्यावयाची दक्षता



गावात एखादे मूल दिसेनासे झाले की प्रथम विहीर पाहिली जाते, नंतर ओहोळ, नंतर मामाचे घर. मग वाड्यावरचे चार लोक कंदील किंवा बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात, देवाला सांगणे होते, आणि रात्र उलटून गेल्यावर कोणीतरी पोलीस ठाण्याचे नाव काढतो. त्यालाही घरातील वडीलधारे थांबवितात. मुलगी असेल तर ‘बोभाटा नको’ म्हणून आणि मुलगा असेल तर ‘भूक लागली की येईल’ म्हणून. शिवाय चोवीस तास लोटल्याखेरीज पोलीस तक्रार घेत नाहीत, असा एक समज पेडण्यापासून काणकोणपर्यंत सर्वत्र घट्ट बसलेला आहे. हा समज सर्वस्वी चुकीचा असून त्याची फार मोठी किंमत मुलांना द्यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेत असा निर्देश दिला की, बालक बेपत्ता झाल्याची प्रत्येक तक्रार हा दखलपात्र गुन्हा समजून नोंदविली पाहिजे व तपासाचा आरंभ अपहरण अथवा मानवी व्यापार झाला असावा हे गृहीत धरूनच केला पाहिजे. मूल चार महिन्यांत सापडले नाही तर प्रकरण मानवी व्यापारविरोधी पथकाकडे सोपवावयाचे असते. वाट पाहण्याची मुदत कोणत्याही कायद्यात नाही. मूल नेणाऱ्याला पहिल्या काही तासांचीच गरज असते. तेवढ्या अवधीत तो जिल्ह्याची, बहुधा राज्याचीही सीमा ओलांडतो. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या बाबतीत तर ही सीमा चालत ओलांडता येईल इतकी जवळ आहे.

या दोन तालुक्यांची भौगोलिक स्थिती ध्यानात घेण्यासारखी आहे. पेडण्याच्या उत्तरेस पत्रादेवीचा तपासणी नाका आणि त्यापलीकडे बांदा, सावंतवाडी. डिचोलीच्या उत्तरेस दोडामार्ग. दोन्ही बाजूंस भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक. त्यामुळे सीमा ही नकाशापुरतीच राहते, आणि सामान्य जीवनासाठी ते चांगलेच आहे. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून पेडणे किंवा थिवी स्थानकावर गाडीत बसलेले मूल दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गर्दीत असू शकते. जानेवारी २०२३ पासून मोप येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. हरमल, मोरजी, मांद्रे, केरी ही एके काळची शांत मच्छीमार गावे देशी-विदेशी पर्यटकांनी गजबजली. प्रगतीच्या या वाटा कोणी बंद करा असे म्हणणार नाही. मात्र ज्या वाटेने रोजगार येतो त्याच वाटेने माणसांचा सौदा करणाराही येतो.

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पालकाच्या संमतीवाचून अठरा वर्षांखालील मुलाला वा मुलीला त्याच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावून काढणे म्हणजे अपहरण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये याची व्याख्या दिली आहे. मूल स्वखुशीने गेले, ही सबब कायदा मानीत नाही. मानवी व्यापार याहून व्यापक आहे. शोषणाच्या हेतूने एखाद्याला मिळविणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे हे सारे त्यात येते, आणि शोषण म्हणजे केवळ वेश्याव्यवसाय नव्हे. वेठबिगारी, घरकामाची गुलामी, भीक मागविणे, शरीराचे अवयव काढणे हेही त्यातच मोडते. या गुन्ह्यात मूल पळवून न्यावेच लागते असे नाही. पुष्कळदा आईबाप स्वतःच त्याला बसमध्ये बसवून देतात, हात हलवून निरोप देतात आणि पहिल्या महिन्याच्या पगाराची वाट पाहत बसतात. बालकाच्या व्यापाराबद्दल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एकाहून अधिक बालके असतील तर किमान मर्यादा चौदा वर्षांची. बळी पडलेल्याची संमती येथेही गैरलागू ठरते.

माणसांची खरेदी-विक्री गोमंतकाला अपरिचित नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने जुन्या गोव्याच्या हमरस्त्यावर इतर मालाबरोबर गुलामांचाही लिलाव होत असल्याचे लिहून ठेवले आहे. त्या बाजारात विकत घेणारा आणि विकणारा निदान उघड उभे असत. आजचा व्यापारी मुखवटा धारण करून येतो.

हा मुखवटा कसा असतो, हे कोल्हापूरच्या एका खटल्यावरून पाहावे. अंजना गावित ही स्त्री व तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रात व इतरत्र गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळविली. तेरा मुलांच्या अपहरणाचा आरोप त्यांच्यावर होता. चोरी करताना कडेवर मूल असले की संशय येत नाही आणि पकडले गेलेच तर त्या मुलाकडे लोकांचे लक्ष वळविता येते, एवढ्यासाठी ही मुले हवी होती. निरुपयोगी झालेल्या मुलांची त्यांनी हत्या केली. १९९६ साली अटक झाली. खटला पूर्ण होण्यापूर्वीच आई मरण पावली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये मृत्युदंड दिला व सर्वोच्च न्यायालयाने तो २००६ मध्ये कायम केला. पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्याचे जन्मठेपेत रूपांतर केले. पालकांनी या प्रकरणातून घ्यावयाची गोष्ट कायद्याच्या तपशिलात नाही. मुले पळविणारा म्हणजे दाढी वाढलेला, खांद्यावर झोळी घेतलेला परका पुरुष, अशी जी प्रतिमा आपल्याकडे मुलांना भीती घालण्यासाठी वापरली जाते, ती येथे साफ खोटी ठरली. या तीन स्त्रिया होत्या, मराठी बोलत होत्या, कडेवर मूल घेऊन हिंडत होत्या. त्यांच्याकडे पाहून कोणत्याही आईने ‘जरा बाळाला धरा, मी पाणी भरून येते’ असे सहज म्हटले असते.

दुसरे उदाहरण गोव्यातलेच. फ्रेडी पीट्स नावाचा इसम मडगावात निराधार व गरीब मुलांसाठी ‘गुरुकुल’ नावाचे वसतिगृह चालवीत असे. समाजात त्याला दानशूर म्हणून मान होता. १९९१ साली पोलिसांनी त्याला अटक केली तेव्हा मुलांच्या लैंगिक शोषणाची असंख्य छायाचित्रे सापडली आणि परदेशी पाहुण्यांकडे मुले पोहोचविली जात होती हे उघड झाले. १९९६ मध्ये मडगावच्या न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २००५ मध्ये तो शिक्षा भोगत असताना मरण पावला. या प्रकरणातील बळी मुलगे होते, हे विशेष लक्षात ठेवावयास हवे. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार?’ हे वाक्य पेडण्याच्या किनारी गावांत आजही ऐकू येते. शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर जाऊन पर्यटकांना शहाळी, मण्यांच्या माळा विकणारा, त्यांच्याकडून घड्याळ, बूट, मोबाइल भेट घेऊन येणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा घरी कौतुकाचा विषय होतो. भेट कोणी दिली, कशासाठी दिली, कोणत्या खोलीत बोलावून दिली, हे त्याला विचारले जात नाही.

गोव्याच्या विधानसभेने २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला. त्यामागे असेच अनुभव होते. या कायद्यातील काही तरतुदी तर किनारपट्टीच्या परिस्थितीकडे पाहूनच लिहिल्या आहेत, असे वाटते. हॉटेल वा निवासगृहाचा मालक व व्यवस्थापक हे तेथील, इतकेच नव्हे तर लगतच्या किनाऱ्यावरील व उद्यानातील बालकांच्या सुरक्षिततेस जबाबदार धरले आहेत. कुटुंबीयांबरोबर किंवा नातलगांबरोबर त्या खोलीत राहत असल्याची नोंद असल्याखेरीज कोणत्याही बालकास हॉटेलच्या खोलीत प्रवेश देता येत नाही. विमानतळाचे अधिकारी, सीमेवरील पोलीस, रेल्वे पोलीस आणि वाहतूक पोलीस यांनी संशयास्पद स्थितीत मुलांसह प्रवास करणाऱ्या प्रौढांची माहिती कळविली पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. मोप, पत्रादेवी आणि पेडण्याचे रेल्वे स्थानक ही तिन्ही ठिकाणे एकाच तालुक्यात असल्यामुळे या तरतुदीचा सर्वाधिक उपयोग येथेच व्हावयास हवा. परंतु ज्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने दिल्या जातात तो गृहस्थ स्वतःला हॉटेलवाला समजत नाही आणि कायद्याची ही कलमे त्याच्या कानावरही गेलेली नसतात. पंचायतीने व्यवसायाचा परवाना देताना एक छापील कागद सोबत दिला, तर खर्च काहीच येणार नाही.

आता नोकरीच्या आमिषाकडे वळावे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली व सत्तरी भागातील कित्येक घरांची चूल अडखळली. ट्रक विकले गेले, बँकेचे हप्ते राहिले. अशा काळात ‘दुबईत हॉटेलात काम आहे’, ‘जहाजावर भरती चालू आहे’, ‘मुंबईला मॅडमच्या घरी मुलगी हवी, शिकवतील सुद्धा’ असे सांगणारा माणूस देवदूतासारखा भासतो. तो बहुधा ओळखीचाच असतो. लांबची आत्या, शेजारगावचा जावई, पूर्वी त्याच कामावर गेलेली मुलगी. परदेशातील कामासाठी भरती करणाऱ्या दलालाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते आणि ती नोंदणी केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येते. गावातील एखादा शिक्षक किंवा पंचायतीचा सचिव दहा मिनिटांत ती पाहून देऊ शकेल. मूळ पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती देऊन ठेवावयाचा नाही, मालकाचा पूर्ण पत्ता घेतल्यावाचून निघावयाचे नाही, पर्यटकाच्या व्हिसावर कामाला जावयाचे नाही, या तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ अनर्थ टळतो. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला पाठविणे हा तर मुळातच गुन्हा आहे, मग ते घर कितीही सज्जनांचे असो.

लग्नाचे आमिष हा याचाच दुसरा प्रकार. पूर्वी यासाठी दलालाला गावात यावे लागे. आता मुलीच्या उशाखालचा मोबाइल ते काम करतो. तीन-चार महिने गोड बोलणे, छायाचित्रांची देवाणघेवाण, मग ‘घरी सांगू नकोस, मी थिवीला येतो’ असा निरोप. जी छायाचित्रे मुलीने विश्वासाने पाठविलेली असतात तीच पुढे धमकीचे हत्यार होतात. अशा वेळी मुलीला घरात बोलण्यासाठी एक तरी माणूस हवा. बहुतेक घरांत तो नसतो. आईला सांगितले तर ती वडिलांना सांगणार, वडील मारणार आणि शाळा बंद होणार, हे मुलीला पक्के ठाऊक असते. म्हणून ती धमकी देणाऱ्याचे ऐकते. येथे दोष मोबाइलला देऊन मोकळे होणे सोयीचे खरे, पण ते अर्धेच सत्य होय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात ८३ हजारांहून अधिक बालके बेपत्ता झाल्याची नोंद झाली व त्यांपैकी ६२ हजारांहून अधिक मुली होत्या. बेपत्ता झालेले प्रत्येक मूल पळविलेलेच असते असे नाही, आणि पुष्कळ मुले परतही मिळतात. कित्येक मुले दहावीच्या निकालाच्या भीतीने, सावत्र आईच्या जाचाने, बापाच्या दारूला कंटाळून आपण होऊन घर सोडतात. पण घर सोडलेले मूल स्थानकावर एकटे उभे राहते तेव्हाच त्याच्यावर खरे संकट येते. ‘जेवलास का रे?’ असे विचारणारा पहिला माणूस पोलीस असेल, समाजसेवक असेल किंवा दलाल असेल. यांपैकी कोण आधी पोहोचतो यावर सारे अवलंबून असते. १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला तो अशाच रस्त्यावरील मुलांसाठी. आता तो शासनामार्फत चालविला जातो व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. हा क्रमांक फिरविण्यासाठी पैसे पडत नाहीत. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिलेले असतात, तेथे हे चार आकडेही मोठ्या अक्षरांत असावेत.

दक्षतेचा विषय निघाला की तिच्या विकृतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेचे बळी झाले. २०१८ मध्ये देशभर अशा अफवांबरोबर जे एक चित्रण मोबाइलवरून फिरत होते ते वस्तुतः कराचीतील एका बालसुरक्षेच्या प्रचारपटाचा तुकडा होते. मूळ पटात मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारे ते परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहण्याचा फलक दाखवितात. फिरविणाऱ्यांनी शेवट कापून टाकला. पालकांना जागे करण्यासाठी काढलेले चित्रच निरपराध माणसांच्या जिवावर उठले. पेडणे-डिचोलीच्या गावांतही नंदीबैलवाले, बहुरूपी, कल्हईवाले, चादरी विकणारे येतात. संशय आला तर ११२ वर कळवावे, वाहनाचा क्रमांक टिपावा, माणसाला नम्रपणे थांबवून नाव-गाव विचारावे. हात उगारण्याचा अधिकार कोणालाही नाही. मोबाइलवर आलेले चित्रण पुढे पाठविण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून घेणे, हे सुशिक्षितांचे पहिले कर्तव्य ठरते, कारण अशा गोष्टी पसरविण्यात सुशिक्षितच आघाडीवर असतात.

आणखी एक गोष्ट स्थानिकांना रुचणार नाही, तरीही सांगावयास हवी. पालकांच्या सभांना जे पालक येतात त्यांची मुले तुलनेने सुरक्षित असतात. ज्यांची मुले सर्वांत असुरक्षित, ते सभेला येत नाहीत, कारण त्यांना बोलावलेलेच नसते. घराच्या व रस्त्याच्या बांधकामावर, काजूच्या बागांत, औद्योगिक वसाहतींच्या कडेला कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार येथून आलेली कुटुंबे पत्र्याच्या खोपट्यांत राहतात. आई-बाप दोघेही कामावर, आणि तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला सात वर्षांची बहीण. असे मूल नाहीसे झाले तर तक्रार द्यायला भाषा नाही, छायाचित्र नाही, पत्त्याचा कागद नाही, आणि ठाण्यात नेणारा मुकादम दुसऱ्या दिवशी मजूर बदलून मोकळा होतो. वास्को येथील बायणा किनाऱ्यावरील वेश्यावस्ती २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर हटविण्यात आली. तेथील बहुसंख्य स्त्रिया परराज्यांतून आलेल्या होत्या. ‘त्या आपल्या नव्हेत’ या एका वाक्यावर समाजाने कितीतरी वर्षे डोळे मिटून घेतले होते. अंगणवाडी सेविकेने आपल्या हद्दीतील खोपट्यांतल्या मुलांची नावे वहीत घेतली आणि मुख्याध्यापकांनी त्यांना जन्मदाखल्यासाठी अडवून न ठेवता वर्गात बसविले, तर ही मुले निदान कोणाच्या तरी मोजणीत येतील. मोजणीत असलेले मूल नाहीसे झाले की लगेच कळते.

जत्रांविषयी थोडेसे. पेडण्याची पुनव, शिरगावची लईराईची जत्रा, चवथीच्या आधीचा बाजार, या प्रसंगी हजारो माणसे एका जागी येतात. लहानग्यांना सोन्याच्या बिंदल्या, साखळी घालून गर्दीत नेण्याची हौस पुरातन आहे. दहा वर्षांखालील बालकाच्या अंगावरील वस्तू चोरण्यासाठी त्याचे अपहरण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेने वेगळे कलम लावले आहे, ते ९७ वे. दागिना घरी ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय. मुलाच्या खिशात पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मात्र नाव सदऱ्यावर किंवा दप्तरावर बाहेरून दिसेल असे लिहू नये, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल त्याला ओळखीचा समजते. हरवलास तर ज्या जागी आहेस तेथेच थांब आणि वर्दीतील माणसाला किंवा दुकानात बसलेल्या बाईला सांग, एवढे पाच वर्षांच्या मुलाला समजते. देवस्थान समित्यांनी ध्वनिक्षेपकाजवळ एक जागा हरवलेल्या मुलांसाठी ठरवून द्यावी व मूल नेण्यास आलेल्याची ओळख पटवून नोंद ठेवावी. केवळ ‘माझे आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नये.

तक्रार देताना अलीकडचे छायाचित्र, अंगावरचे कपडे, जन्मखूण, बोलण्यातील लकब, शेवटचे कोणाबरोबर दिसले आणि मोबाइल असल्यास त्याचा क्रमांक, एवढी माहिती हाताशी असावी. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, दोडामार्गला जा’ असे उत्तर आता कोणत्याही ठाण्याला देता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घेऊन संबंधित ठाण्याकडे पाठवावयाचा असतो. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

उलट बाजूने, एकटे भटकणारे मूल ज्याला सापडते त्यानेही ते घरी ठेवून घेऊ नये, मग हेतू कितीही चांगला असो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अशा मुलाची माहिती चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बालकल्याण समितीला द्यावी लागते, न दिल्यास तो दंडनीय अपराध होतो. ‘निपुत्रिक आहोत, देवाने दिले’ अशा भावनेने ठेवून घेतलेले मूल कोणाच्या तरी घरातून हरवलेले असते.

शेवटचा भाग परत आलेल्या मुलाविषयी. मुलगी सहा महिन्यांनी घरी आणली जाते तेव्हा गाव तिला पाहायला येते. काही जण सहानुभूतीने, पुष्कळसे उत्सुकतेने. तिने काय भोगले हे तिला प्रत्येकाला सांगावे लागू नये. तिचा जबाब नोंदविणे हे पोलीस व न्यायालय यांचे काम असून शेजाऱ्यांचे नव्हे. तिचे नाव, छायाचित्र, गाव, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही वृत्तपत्रात वा मोबाइलवर प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली आहे, आणि ही मनाई सत्काराच्या बातमीलाही लागू आहे. शाळेने तिचे नाव पटावरून कमी केले असेल तर ते पुन्हा चढवावे. वर्षाच्या मधल्या काळातही प्रवेश देता येतो, परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत टळली असेल तर मुख्याध्यापकांनी शिक्षण खात्याकडे स्वतः लिहावे. वर्गात तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवू नये. पूर्वी ज्या मैत्रिणीशेजारी ती बसत असे, तिच्याच शेजारी जागा करून द्यावी.